दुर्बिणीतली होडी

टेकडीवरच्या वेधशाळेत दर शनिवारी सगळ्यांसाठी आकाशदर्शनाचा वर्ग भरतो. त्या दिवशी वाऱ्याचं लक्षण ठीक नव्हतं आणि नवरा महिपत होडी घेऊन समुद्रात, म्हणून बकुळाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पण शेजारच्या नम्रताने तिला ओढूनच आणलं. चांदण्या दिसायला अवकाश होता, तोवर सरांनी दुर्बीण समुद्राकडे वळवून दिली. पूर्वी बायका वाळूत उभ्या राहून होडीची वाट बघायच्या. बकुळाने काचेला डोळा लावला.

निळी होडी आपलीच, भगवा बावटाही आपलाच. पण बावटा खाली नि तळ वर!

"अगो नम्रता, आमची होडी उपडी झाली गो!" ती मटकन खाली बसली.

सर धावत आले. "वहिनी, घाबरू नका. या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं. ताऱ्यांना काय, उलटं नि सुलटं सारखंच."

नम्रताने डोळा लावला आणि हसत सुटली. "अगो, समुद्र वर नि आभाळ खाली! महिपतभावजींना सांगते, बायकोने तुम्हाला बसल्या जागी बुडवलंन!"

सगळा वर्ग हसला. तेवढ्यात वाऱ्याचा एक जबर सपाटा टेकडीवर आला, बायकांचे पदर उडाले, सरांनी दुर्बीण घट्ट धरून ठेवली.

वारा पडल्यावर बकुळाने डोळे पुसले आणि पुन्हा काचेतून पाहिलं. समुद्र वरच होता, आभाळ खालीच होतं.



होडी मात्र आता सुलट दिसत होती.