फाइल सापडत नाही

कचेरीतला दाखले छापायचा प्रोग्रॅम तिनेच सी भाषेत लिहिला होता, त्यामुळे तो अडला की फोनही तिलाच यायचा. "ताई, परत दोन नंबर आला," हेडक्लार्क काका रडकुंडीला येऊन सांगायचे. काय बिघडलंय ते प्रोग्रॅम पडद्यावर नुसत्या आकड्यात सांगायचा; त्यावरून त्या बिचाऱ्यांना काय बोध होणार? शेवटी तिने एक अख्खी दुपार घालवून प्रत्येक आकड्याच्या जागी सरळ मराठी वाक्य बसवलं. दोनच्या जागी आता 'फाइल सापडत नाही' असं उमटायचं.

त्यानंतर तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी ती खुशीत कचेरीत गेली, तर खिडकीशी लोक ताटकळलेले, कपाटं सताड उघडी, जमिनीवर फायलींचे ढीग आणि स्टुलावर धुळीने माखलेले काका.

"बरं झालं आलात ताई! इतके दिवस हा काय मागतोय तेच कळत नव्हतं. आता कळतंय, पण नेमकी कुठली फाइल, ते काही सांगत नाही."

हसावं की रडावं, तिला सुचेना. "अहो काका, ती फाइल कॉम्प्युटरच्या पोटात असते, कपाटात नाही!"

"असं होय!" काकांचा जीव भांड्यात पडला. स्टुलावरून उतरून त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. "मग हेही त्याच्या पोटात घालून टाका. काल 'परवानगी नाही' म्हणत होता, म्हणून मोठ्या साहेबांची सही-शिक्क्यानिशी आणून ठेवलीय."