दाबा, सोडा

साल अठ्ठ्याहत्तर. मिस्त्री त्या घराच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीखाली उताणा पडला होता आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या देत होता. तिकडे विलायतेत लोक गियरची गाडी देऊन बिनगियरची, ऑटोमॅटिक घेत होते. इथे एका बाईला बिनगियरच्या गाडीत गियर आणि क्लच बसवून हवे होते.

गाडी जुनी, विलायती, जड, गोल पाठीची. तेव्हाच्या गाड्यांचं दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज यायचा. बाईच्या नवऱ्याला अपघात झाल्यावर धाकट्या दिराने ती मुद्दाम त्याच्यासाठी आणली होती. यात काही करावं लागत नाही दादा, बसायचं आणि निघायचं, असं तो म्हणाला होता. त्यावर नवरा म्हणाला होता, ही गाडी नाही, खुर्ची आहे, आणि खुर्चीत मी बसलोच आहे. त्यानंतर त्याने गाडीला हात लावला नव्हता.

तो दिवसभर खिडकीत बसून असे. अंगणातून त्याचा चेहरा आणि रुंद खांदे तेवढे दिसत. जेवण कमी होत गेलं होतं, बोलणं त्याहून. डॉक्टर म्हणाले होते की जखमा भरल्या, पण माणसाला जगायचं नसेल तर त्यावर माझ्याकडे गोळी नाही. बाईने दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला निरोप धाडला.

गियरबॉक्स आणायला ती स्वतः मिस्त्रीबरोबर भंगाराच्या आवारात गेली. नवऱ्याची अपघातातली गाडी तिथेच पडली होती, याच कंपनीची. पुढचं तोंड चेपलेलं, पण गियरबॉक्स शाबूत. क्लचचं पेडल मात्र मुडपलं होतं. मिस्त्री म्हणाला, दुसरं शोधतो. बाई म्हणाली, "तेच हवं." मग त्याने ते तापवून, ठोकून सरळ केलं. का कोण जाणे, ते हातात धरायला त्याला नको वाटे. उन्हात ठेवलं तरी ते गार लागायचं.

काम चाललं की बाई स्टूल घेऊन शेजारी बसे आणि भाजी निवडता निवडता बोले. नवऱ्याचा डावा पाय स्वस्थ नसतो, झोपेतसुद्धा क्लच दाबत असतो, असं तिने एकदा सांगितलं. सकाळी त्याची पोटरी ठणकत असे. तेल लावून चोळावं म्हटलं तर कुठे चोळावं तेच कळत नाही, म्हणाली. मिस्त्री हसला. ती हसली नाही.

गियरबॉक्स जागेवर चढला त्या दिवशी खिडकीतून आवाज आला. "मिस्त्री, बोल्ट आवळताय की गोंजारताय?"

बाईच्या हातातली भाजी तशीच राहिली. कितीतरी महिन्यांनी तो आपणहून बोलला होता.

दिराला हे पसंत नव्हतं. त्याने मिस्त्रीला फाटकाशी गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं की गियर बसवा, पेडल लावा, पण पेडलापासून क्लचपर्यंतचा रॉड जोडू नका. शोभेला राहू दे.

"तो बसेल, त्याला जमणार नाही, आणि मग तो कायमचा खचेल," दीर म्हणाला. "वहिनींना समजावून थकलो मी."

एकदा अपघात झालेल्याला धास्ती असतेच, मिस्त्रीने विचार केला. पण खिडकीतला माणूस आता दोन वेळा नीट जेवत होता. मिस्त्रीने रॉड जोडला.

शेवटचं काम उरलं ते पेडलाची ढील, म्हणजे दाबतानाची सुरुवातीची मोकळी चाल, बसवायचं. मागची चाकं ठोकळ्यांवर उचललेली होती. मिस्त्री खाली शिरला आणि त्याने बाईला हाक मारली, कोणीतरी आत बसून पेडल दाबायला हवं. बाई घरात गेली. बराच वेळ गेला. मग सावकाश येण्याचा आवाज, बाईचं हळूच काहीतरी बोलणं, आणि सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. अचानक गाडीखाली गारठा आला.

"दाबा," तो म्हणाला.

रॉड सरकला. क्लच सोडवणारा फोर्क मागे गेला, अगदी लोण्यासारखा.

"सोडा."

रॉड परत आला.

"अजून एक आटा घ्या," वरून नवरा म्हणाला. "क्लच वरच पकडतोय. पायाला कळतं."

मिस्त्रीने आटा घेतला. वर इंजिन सुरू झालं. पहिला गियर पडला, दुसरा पडला, तिसरा, कुठेही खरखर नाही. चाकं हवेत फिरू लागली. नवरा मोठ्याने हसला.

मिस्त्री सरपटत बाहेर आला. बाई दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. दीर पायरीवर मटकन बसला होता. उघड्या दारातून मिस्त्रीने आत पाहिलं. नवऱ्याचा एक हात स्टिअरिंगवर होता, एक गियरच्या दांड्यावर. मिस्त्रीने वाकून खाली पाहिलं आणि बघतच राहिला. मग पाने तिथेच टाकून तो नळाकडे गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला.

पुढे मिस्त्रीने गाडीखाली जाणं सोडलं आणि बॅटऱ्यांचं दुकान टाकलं. दीर बदली मागून दूर गेला. पत्रं लिहायचा, पण गाडीची चौकशी कधी केली नाही. नवऱ्याने मरेपर्यंत रोज ती गाडी चालवली, बाई शेजारी बसून. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी कधी बोटभरही मागे आली नाही.

तो गेल्यावर बाईने गाडी विकायला काढली. बघायला आलेलं गिऱ्हाईक पेडलांपाशी अडलं. दोन्हींवरची रबरं मिस्त्रीने एकाच दिवशी घातली होती. ब्रेकचं झिजून आतलं लोखंड दिसत होतं, क्लचचं मात्र कोरं, वरची नक्षीसुद्धा जशीच्या तशी. इतकी चाललेली गाडी आणि हे असं कसं, त्याने विचारलं.

"झिजेल कशाने?" बाई म्हणाली. "यांचा डावा पाय अपघातातच मांडीपासून कापला होता."