शेजारचं झाड

पानगळ सुरू झाली की कुंड्यांना पाणी घालून काकू झाडू घ्यायच्या आणि कुंपणापाशी जाऊन आवाज चढवायच्या, "झाड तुमचं आणि केर मी काढायचा होय हो, मास्तर?"

"मग काय वाऱ्याला अंगठे धरायला लावू?" शेजारचे मास्तर हटकून बाहेर येऊन उत्तर द्यायचे. त्यानंतर दिवसभर काकूंशी बोलायला कुणीच नसायचं.

यंदा मास्तरांनी झाडच तोडलं. "घ्या, मिटली तुमची कटकट," म्हणून ते आत गेले. आठवडाभर काकूंचं अंगण लख्ख होतं आणि कुंपणाकडे कुणी फिरकलं नाही.


शेवटी काकूंनी रोपवाटिका गाठली. "शेजाऱ्यांना भेट द्यायचंय. पटकन वाढेल आणि भरपूर पानं गाळेल, असं एखादं रोप आहे का हो?"