काळी डबी

चावी फिरवली, तर गाडीने हूं की चूं केलं नाही.

साहेबांनी पुन्हा फिरवली. समोरचे दिवे लागले, हॉर्न तर असा वाजला की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. पण इंजिन फिरायचं नाव घेईना. साधा टक् असा आवाजसुद्धा नाही. साहेब खाली उतरले आणि बॉनेटच्या आधी त्यांनी त्या खिडकीकडे बघून घेतलं. वरच्या भाडेकरूशी गाडी लावण्यावरून त्यांचं चांगलंच वाजलं होतं.

साहेबांची सगळी नोकरी जकातीत गेली होती. लोकांना पेट्या उघडायला लावण्यात हयात घालवलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून नजर थोडीच निवृत्त होते! त्यांना पोस्टमनच्या घाईत काळंबेरं दिसायचं आणि जावयाच्या हसण्यातही.

आणि गाडीला बंद पडायला आजचाच दिवस मिळाला होता. मुलगा आणि सून दोघंही कामात अडकलेले. नातीला पोहण्याच्या क्लासवरून घेऊन यायचं काम पहिल्यांदाच साहेबांकडे आलं होतं. “बाबा, जमेल ना नक्की?” असं मुलाने फोनवर दोनदा विचारलं, ते साहेबांना चांगलंच झोंबलं होतं. न जमायला काय झालं? मागच्या आठवड्यात वळणावर एक सायकलवाला आडवा आला, एवढंच. तो साहेबांना दिसला नाही, कारण तो कुठून तरी एकदम उगवला. थोडक्यात वाचला. शेजारी बसलेली बायको घर येईपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक हात पुसत आला.

“बॅटरी गेली म्हणून सांगू नकोस,” साहेब म्हणाले. “मी नवीन घेणार नाही.”

“अहो, मी अजून तोंड तरी उघडलंय का?”

त्याने साहेबांना चावी फिरवायला लावली आणि स्वतः हेडलाइटकडे बघत राहिला. “लाइट जरासुद्धा मंद होत नाही. बॅटरी ठणठणीत आहे.” मग त्याने बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या, गाडी न्यूट्रलला आहे ना ते विचारलं, स्टार्टरवर हात ठेवून पुन्हा चावी मारायला लावली. “करंट इथपर्यंत येतच नाही, साहेब. मधेच कुठेतरी अडतोय.”

“अडतोय, की कुणी अडवलाय? मागच्या महिन्यात गाडी तुझ्याकडेच होती.”

मेकॅनिकने ते मनावर घेतलं नाही. साहेबांचं हे त्याला नवीन नव्हतं. त्याने फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तसाच थांबला.

“घ्या. स्टार्टरला करंट सोडणारा रिलेच नाही इथे.”

साहेब वाकले. ओळीने बसवलेल्या काळ्या डब्यांमध्ये एक खाच रिकामी होती. झाकणावर धूळ होती, आणि धुळीत बोटं उमटलेली होती.

“हा आपोआप पडत नाही,” मेकॅनिक म्हणाला. “कुणीतरी काढलाय. आणि माहीतगार दिसतो. बरोबर तेवढाच काढलाय.”

साहेबांची मान आपोआप वरच्या खिडकीकडे गेली. पण तो भाडेकरू! त्याला स्वतःच्या स्कूटरचं पंक्चर कळत नव्हतं. मुलगा? तो आठवडाभर घरी फिरकला नव्हता. ही युक्ती माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो म्हणजे साहेब स्वतः. प्रवासाला गेले की गाडी लावताना ते हाच रिले उपटून घ्यायचे. चोर आला तरी ढकलत नेईल, म्हणायचे. आणि ती काळी डबी बायकोच्या हातावर ठेवायचे: “पर्समध्ये टाक. हरवू नकोस.”

साहेब सावकाश वळले.

बायको दारात उभी होती. तिच्या पायात बाहेरच्या चपला होत्या. पर्स तिने खांद्याला लावली नव्हती, दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. नाक्यावर असं सामान धरलेला माणूस दिसला की साहेब त्याला हमखास बाजूला घ्यायचे. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

“काळजी करू नका,” मेकॅनिक म्हणाला. “दुकानात पडलाय एक. आणून लावतो, गाडी पाच मिनिटांत चालू. नातीला घ्यायला वेळेत पोचाल.”

बायकोने साहेबांकडे पाहिलं. पर्सवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

‘उघडा’ हा शब्द साहेबांच्या जिभेवर आला होता. आयुष्यभर तो त्यांनी हजारोंना ऐकवला होता. त्यांना फार राग आला होता, आणि रागाखाली कुठेतरी तो सायकलवाला होता. आता मात्र त्यांना कबूल करावं लागलं: तो उगवला वगैरे नव्हता. तो आधीपासून समोरच होता.

“नको,” ते मेकॅनिकला म्हणाले.

“अहो, पण पाच मिनिटांचं तर काम...”

“नको म्हटलं ना. मीच काढून ठेवलाय कुठेतरी. चोरांचा काय भरवसा?”

मेकॅनिकने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे, आणि बॉनेट खाली केलं.

“चालत निघालो तरी पोचू आपण,” बायको हळूच म्हणाली.

साहेबांनी गाडी लॉक केली, दार ओढून पाहिलं, सवयीने डिकीही ओढून पाहिली. मग चावी तिच्या हातावर ठेवली.

“पर्समध्ये टाक,” ते म्हणाले. “दोन्ही एकत्रच राहू देत. हरवू नकोस.”