जर्मलचे हब

"आता आणखी काय काढता येईल?" गोदूबाईने विचारलं.

भगवानशेट सायकलीकडे बघतच राहिले. मडगार्ड नव्हते. कॅरिअर नव्हतं. स्टँड, चेनकव्हर, घंटी, सगळंच गायब. पिसं काढलेल्या कोंबडीसारखी ती त्यांच्या सायकलदुकानाच्या खांबाला टेकून उभी होती.

"बाई, चोरीची तर नाही ना ही?"

"घरची हाय. मीच काढलंय सगलं."

गोदूबाई खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. रोज पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. तिच्यामागे तिची मुलगी चंद्रावती उभी होती. गुडघा फुटलेला, पुस्तकं मेणकापडात बांधलेली, हातात एक चुंबळ. चुंबळ आईच्या टोपलीची असणार, असं शेट धरून चालले. चंद्रावती गावात सातवी होऊन यंदा पनवेलच्या हायस्कुलात येऊ लागली होती. सायकल तिच्या बापाची, दयारामची. शाळेसाठी त्याने ती लेकीला दिली होती. पण काल पोरगी सायकलीसकट पडली आणि तो म्हणाला, पुन्हा पडली तर शाळा बंद. ओरडून म्हणाला असता तर मायलेकींनी मनावर घेतलं नसतं. तो अगदी हळू बोलला होता.

"चाकाच्या मधी हे काय हाय?"

"हब. त्याच्यावरच तर चाक फिरतं. तो कसा काढणार?"

"जड हाय?"

"लोखंडी आहे. जड आहे म्हणून तर इतकी वर्षं टिकलाय."

टिकाऊपणा हा शेटचा आवडता विषय. त्यांच्याकडून गेलेला माल दुरुस्तीला परत येत नसे. त्यामुळे गिऱ्हाईकही परत येत नसे. "अशानं आपल्याला एक दिवस उपास घडणार," असं त्यांची बायको कमळाबाई जेवण वाढताना न चुकता म्हणायची. शेटना ती स्तुतीच वाटायची. पनवेलच्या बाजारात मिठाच्या गोणी येत, मासळीच्या पाट्या येत, त्या आपल्याच हबांवरून येतात हे ते कुणालाही थांबवून सांगत.

गोदूबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. भिंतीवर खिळ्याला हबांची एक चंदेरी जोडी लटकत होती. सायकलशर्यतीत उतरणाऱ्या मुंबईच्या एका हौशी माणसाने ती बदलून टाकली होती. शेटनी ती शोभेला ठेवली होती, थोडी चेष्टेलाही.

"ती काढा."

तिने एका हातात चंदेरी हब घेतला, दुसऱ्या हातात दुकानातला लोखंडी. पापलेट जोखावं तसे दोन्ही हात वरखाली केले.

"ही जोडी बसवा."

"अहो, हे जर्मलचं आहे, अ‍ॅल्युमिनियम. शर्यतवाल्यांचं खूळ. आणि फरक तो केवढा? दोन्ही चाकं मिळून दीड पाव असेल. सायकलीवर बसल्यावर कळायचंही नाही."

"बसल्यावर नाय कलत," गोदूबाई म्हणाली. "चंद्रे, शेटना दाखव."

चंद्रावतीने चुंबळ डोक्यावर ठेवली. सायकलीखाली वाकली, मधला दांडा चुंबळीवर घेतला आणि उठली. दोन्ही चाकं दोन बाजूंना लोंबत राहिली. पुढचं चाक हेलकावलं तशी तिची मान लटपटली. तिने ती सावरली आणि तशीच समोर बघत उभी राहिली.

सायकल किती ओझं पेलते हे शेटनी आयुष्यभर पाहिलं होतं. सायकलीचंच ओझं कुणाला होत असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"उतरव, पोरी, उतरव," ते म्हणाले.

"भरतीला होडी हाय," गोदूबाई सांगू लागली. "ओहोटीला निसता चिखल, मांडीपतूर. बांधावरनं सायकल हिला नेते. चिखलातनं ही सायकलला नेते."

"पुलावरून यावं."

"फेरा हाय मोठा. शाला सुटायला पोचंल."

"मग सायकल अलीकडच्या काठावर ठेवावी."

"तिथं तिवरांची झाडां हायत निसती. भरतीला बुडतात."

"तुम्ही घ्या की डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर पाटी असते ना, शेट."

शेटनी पाना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. खोटा माल दिल्यासारखं त्यांना वाटत होतं.

"घरी जर्मलचा टोप आहे?"

"हाय."

"त्यात खारवलेलं काही ठेवता?"

"नाय. भोकं पडतात."

"मग? रोज खाडीच्या खाऱ्या चिखलातून नेणार तुम्ही हे. तुमचा लोखंडी हब मी ग्रीस भरून देतो, हिच्या पोरांनाही पुरेल. हे जर्मल चार वर्षं टिकलं तर देव पावला."

गोदूबाईने बोटांवर मोजलं. "आठवी. नववी. धावी. म्याट्रिक." मग मूठ मिटली. "बसवा."

"आणि चार वर्षांनी?"

"चार वर्सांनीबी हिला चिखलातनंच यायचं असंल," गोदूबाई म्हणाली, "तं तुमचं लोखंड टिकून काय करायचंय, शेट?"