शिवराळ सिनेमा

पक्षाघातानं दत्तारामांची वाचा गेली त्याला वर्ष झालं होतं. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात न्हाऊ घालून झालं, खाटेशी रोज भजनं लावून झाली, पण शब्द फुटला नाही.

रविवारी त्यांच्या लेकानं, किशोरनं, टीव्हीवर सिनेमा लावला. त्यातला सुपरहिरो गुंडांची हाडं मोडता मोडता शिव्या हासडत होता.

“बंद कर रे ते,” त्याची आई राहीबाई म्हणाली. “चाळीस वर्षं ह्यांच्या शिव्या ऐकून माझे कान किटलेत. आता परत नाय ऐकायच्या मला.”

किशोरनं रिमोट उचलला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, जड पण स्पष्ट. “राहू दे की, भाड्या.”

राहीबाईनं डोळ्याला पदर लावला.

“किशोर,” ती म्हणाली, “आवाज वाढव.”