तापलेलं बॉनेट

“जुनी गाडी घेशील तेव्हा मला बोलाव, अण्णा,” असं गॅरेज चालवणाऱ्या धाकट्या भावानं, वसंतानं, चार वर्षांपूर्वी पत्रात लिहिलं होतं. नीट शब्द सुचेनात म्हणून त्र्यंबकरावांनी उत्तर लांबवलं, ते राहूनच गेलं.

आता डायलिसिसला जाताना पत्नीला एस्टीचे हादरे सोसेनात, म्हणून ते एकटेच डिझेल गाडी बघायला आले. पुस्तकात वाचलं होतं, इंजिन थंड असतानाच सुरू करून बघावं, तापलेलं इंजिन दोष लपवतं. निळा धूर आला तर ते ऑइल खातंय, म्हणजे आतून झिजलंय. त्यांनी बॉनेटला हात लावला. चांगलंच तापलं होतं.

“आत्ताच फेरी मारून आणली, गुरुजी. शोधा धूर!” गाडी सुरू करत मालक हसला. धूर नव्हताच. ‘उद्या थंड असताना बघू का?’ एवढंच विचारायचं होतं. पण तेवढ्यात मालकाच्या आईनं चहा पुढे केला, आणि त्या घरावर संशय घेणं त्यांना जमेना. “छान आहे,” ते म्हणाले.

गाडी घरी आली. दुसऱ्या सकाळी दारातच ती निळ्या धुरात बुडाली. फाईल घेऊन मागे बसलेली पत्नी खोकत उतरली. “अहो, चला. एस्टी चुकेल.”

स्टँडवर त्यांनी कार्ड लिहून पेटीत टाकलं, “वसंता, चुकलो. निळा धूर आहे. ये.”